पाहुण्याचा ओटा

ये गा ये गा माह्या बापा, नको भिऊ मानसाले
ओंजळीत हरभरे, बोलावते पाव्हन्याले

वर्ष उलटलं, पण हेमसिंगाच्या कानातून तो आवाज जात नव्हता. बारीक, किंचित किनरा, पहाटेच्या जात्यासारखा एका लयीत फिरणारा. वाऱ्यानं कुरणातल्या गवतानं कूस बदलली की त्याला वाटे, आता नाल्याच्या वरच्या अंगाला राजमतीबाई उभी राहील. पदर सारखा करील, ओंजळ पुढे धरील, आणि त्या पिवळ्या गवतातून आधी दोन कान वर निघतील, मग शिंगं, मग ते काळंभोर अंग.

"आयकून राह्यले का?"

हा आवाज मात्र खरा होता. त्याच्या बायकोचा, नानीबाईचा. कापलेल्या गवताचा भारा कमरेशी धरून ती त्याच्या मागं उभी होती. मार्गशीर्ष लागला की कुरणाच्या कडेनं जाळपट्टा काढायचा. गवत कापून जमीन उघडी करायची, म्हणजे उन्हाळ्यात कुठं आग लागली तरी ती पट्ट्याशी येऊन अडते. सकाळपासून दोघं त्याच कामाला लागले होते. आणि सकाळपासून हेमसिंगाचा विळा पुनःपुन्हा थांबत होता.

"घुंगरं वाजून राह्यली. दमनी हाये."

"आयकलं."

"मंग मुंडी खाली घालून काहून उभे? सेठानीबाई येऊन राह्यली. सांगून टाका आज."

"सांगतो."

"वैशाखातबी असंच म्हनले होते."

"वैशाखात सेठजी खाटेवर होते, नाने."

"अन् आता सेठजी वर गेले. आता कोनाची वाट हाये? बाईची?"

हेमसिंगानं विळा कमरेला खोचला आणि डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पळसाच्या वळणावरून छपराची दमणी येत होती. पुढं हाकायला सेठजींचा पुतण्या फुलचंद, आणि आत, एकटीच, पांढऱ्या लुगड्यातली राजमतीबाई. दरसाल तिच्या शेजारी सेठजींचा गुलाबी फेटा दिसायचा.

हेमसिंग राठोड जंगलखात्याचा नाकेदार. कारंज्याच्या बाहेर, सोहोळच्या अंगाला पसरलेलं सरकारी राखीव कुरण त्याच्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे काय, तर कोणी गुरं घातली की हाकलायची, कोणी लाकूड तोडलं की पकडायचं, वणवा लागला की पळसाच्या फांदीनं झोडपायचा, आणि कोणी राहुटी ठोकून राहायला आलं की त्याची चिठ्ठी पाहून जागा दाखवायची. नाल्याकाठी हिवराच्या झाडांखाली एक सपाट जागा होती. तिथंच सगळे उतरायचे. सगळे उतरायचे आणि सगळे काही ना काही टाकून जायचे: डबे, फुटक्या बाटल्या, हाडं, अर्धवट जळलेलं लाकूड. ती उष्टी-खरकटी उचलता उचलता नानीबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि तो पुढचे लोक येईपर्यंत चालायचा.

फक्त कारंज्याच्या मिश्रीलाल सेठजींच्या घरचे गेले, की तिला बोलायला काही उरायचं नाही.

धान्याच्या अडतीचं मोठं दुकान, माणसांनी भरलेलं जैन घर. कार्तिकातली आठ दिवसांची अष्टान्हिकेची पूजा आटोपली की सेठजी आणि बाई दोन दिवस कुरणात राहायला येत. ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. आणि त्यांचं राहणं म्हणजे पाहत राहावं असं. राहुटी ठोकायच्या आधी बाई मऊ झाडणीनं जागा हलकेच झाडून घेई, मुंगी असेल तर मुंगीनं वाट काढावी म्हणून. चुलीत घालायचं लाकूड दहा वेळा आपटून, झटकून, भोकात कोणी जीव नाही ना पाहून मग आत. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलेलं; त्याला ते अंथऊ म्हणत. अंथऊ झालं की चूल विझलेली, राख गार. जेवलेल्या थाळीत पाणी घालून, बोटानं फिरवून ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं; उष्ट्याचा कण मागं उरता कामा नये. नाल्याचं पाणी गाळायचं, आणि गाळण्यावर जे काही राहील, डोळ्यांना दिसो न दिसो, ते परत त्याच नाल्यात, त्याच जागी, हलक्या हातानं सोडायचं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेमसिंग हसला होता. "बाई, हे कायले परत सोडता? इथंच फडकं झटकलं तं नाही होत?"

"त्यायचं घर तिथं हाये ना, बाप्पा," बाई म्हणाली होती. "तुले कोनी इथून उचलून केनवडच्या बाजारात सोडलं तं चालन का?"

ते गेल्यावर हेमसिंग जागा पाहायला जाई. राहुटीच्या खुंट्यांची भोकंसुद्धा बुजवलेली असत. नवे साहेब आले की तो अभिमानानं सांगे, रानात राहावं तं सेठजीसारखं. आलं कोन, गेलं कोन, गवताले बी कळत नाही.

त्या माणसांच्या हातून रानाचं वाईट होईल, असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी त्यानं मानलं नसतं.

बाहत्तरच्या दुष्काळात झालं ते. कुरणात गवताच्या जागी नुसती माती उडत होती. नाल्याच्या कोरड्या पात्रात एक हरणी मरून पडली होती आणि तिच्या पोटाशी एक पाडस, उभं राहायला पाहणारं, पुन्हा गुडघ्यावर येणारं. राजमतीबाईनं ते पदरात घेतलं. तिची स्वतःची लेकरं केव्हाच मोठी होऊन सासरी गेली होती. पण पदराला जुनं वळण आठवलं असावं. नानीबाईच्या शेळीचं दूध, चिंधीची वात करून पाजलं. पाडस नाकेदाराच्या झोपडीत राहिलं, नानीबाईच्या गोधडीवर निजलं. बाई दर पंधरवड्याला दमणी जोडून यायची. येताना भिजवलेला हरभरा, गूळ. तिनंच नाव ठेवलं, पाव्हना. तिनंच त्याच्यासाठी ती ओवी जोडली.

पाऊस झाला, गवत उगवलं, पाहुणा कळपात गेला. पण हाक आली की परत यायचा. अंगावरची तांबूस लव जाऊन काळी चढली, शिंगांना पीळ पडत गेले, माद्यांमागं भांडू लागला, तरी ओंजळ दिसली की लहान पाडसागत नाक घालायचा. त्याचं पाहून त्याच्या कळपातल्या दोन-चार हरणीही थोड्या अंतरावर येऊन उभ्या राहू लागल्या.

आणि हेमसिंग? हेमसिंगाची छाती फुगायची. अकोल्याहून साहेब आले, त्यांच्या बायका-पोरं आली, की तो मूठभर दाणे घेऊन पुढं व्हायचा. "पाहा जी आता गंमत." पाहुणा यायचा, साहेबांच्या पोरीच्या हातातलं बिस्कीट खायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. साहेब पाठीवर थाप मारायचे. पाहुण्याचं नाव पंचक्रोशीत झालं. राहुट्या वाढल्या.

यंदाच्या चैत्रात एक जीप आली. चिठ्ठी होती, हेमसिंगानं जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणाच्या पलीकडच्या टोकाला धूर दिसला म्हणून तो तिकडं धावला. आग विझवून परततो तोच आवाज झाला. तो पोचला तेव्हा पाहुणा हिवराखाली आडवा होता. ओठांना पावाचा चुरा चिकटलेला. तंबूपुढं एकजण उरलेला पाव हातात घेऊन अजून तसाच उभा होता, आणि जीपजवळच्या माणसाच्या हातात बंदूक होती. हेमसिंगानं त्याच्या गळ्याला हात घातला, तेव्हा तो गोंधळून, जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाला, "अहो, शिकार कसली? हा तर आपल्या पायानं आला!"

नवा कायदा आला होता. काळविटाला हात लावायची बंदी होती. जीप जप्त झाली, गुन्हा लागला, तारखा पडू लागल्या. ते सगळं रीतीनं झालं. पण ते एक वाक्य कोणत्या कोर्टात न्यायचं, हे हेमसिंगाला कळलं नाही. त्या रात्री त्यानं ते नानीबाईला सांगितलं. तिनं गोधडी झटकली, उगाचच पुन्हा घातली, आणि तांड्याच्या बोलीत एवढंच म्हणाली, "दूध मी पाजलं."

मग वैशाखात फुलचंद सायकल मारत आला होता. सेठजींचं काही खरं नाही, म्हणाला. अन्न सुटलंय. माणसं ओळखत नाहीत, पण विचारतात, पाव्हना कसा हाये? उन्हात उभ्या त्या घामेजल्या पोराला हेमसिंग काय सांगणार? "मस्त हाये म्हना," तो बोलून गेला. "मोठा कळप जमवून सोहोळच्या माळाकडे गेला." फुलचंद निरोप घेऊन गेला. सेठजी ऐकून हसले, म्हणे. श्रावणात गेले. त्यांच्या खाटेभोवती गुंतलेल्या घरापर्यंत खरी बातमी पोचलीच नाही.

दमणी हिवराखाली थांबली. बाई उतरली आणि पहिल्यांदा तिनं आजूबाजूच्या गवताकडे पाहून हात जोडले. नवऱ्याच्या जाण्यानं ती वाळली होती, पण बोलणं तेच होतं, खळाळतं.

"काय रे हेमसिंग, पाह्यलं की तोंड लपवून राह्यला? मी पांढरं नेसली म्हून भेला का? चेटकीन नाही झाली अजून."

"नाही जी बाई. या."

"अन् तू वो नाने? वाळली तू. नवरा खाऊ घालत नाही का?"

"खाऊ घालनाऱ्याले आधी स्वतःच्या गळ्याखाली घास उतरला पायजे ना बाई," नानीबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहिलं. हेमसिंग दमणीचे बैल सोडायला वळला.

फुलचंदानं सामान उतरवता उतरवता ट्रान्झिस्टर सुरू केला. गाणं वाजू लागताच झुडपातलं एक तितर भुर्रकन उडालं.

"बंद कर तो डबा," बाई म्हणाली.

"काकी, जरा बातम्या—"

"लोकायच्या घरी आलो आपुन. लोकायच्या घरात कोनी आपला रेडिओ लावते का?"

फुलचंदानं ट्रान्झिस्टर गोणपाटात गुंडाळला. बाईनं जागा झाडली. राहुटी उभी राहिली. लाकडं झटकली गेली. सगळं दरसालसारखं चाललं होतं आणि हेमसिंग त्या प्रत्येक गोष्टीत मदत करत होता, जणू कामं संपलीच नाहीत तर बोलायची वेळ येणार नाही. बाईनं जिथं राहुटी ठोकायला लावली, तिथून पाहुणा पडला ती जागा हात लांबवला तर लागेल, इतकी जवळ होती. पावसाळ्यानं तिथलं सगळं धुऊन नेलं होतं. गवत तर तिथं जास्तच दाट आलं होतं.

पाणी गाळून झाल्यावर बाईनं त्याला समोर बसवलं.

"हेमसिंग, आता आयक. मी या बारीला नुसती राहाले नाही आली. काम घेऊन आली."

"बोला जी."

"सेठजी जाताना मी त्यायले शब्द दिला. इथं, नाल्याच्या वरच्या अंगाले, एक ओटा बांधीन. दगडी. मधात पान्याचं टाकं, भवताल दाना टाकाले जागा. बारा महिने दाना-पानी. पाव्हन्याले, त्याच्या लेकराबाळायले. दुष्काळ येवो का काही येवो, त्यायले कोनाकडे पाहाची गरज नाही."

हेमसिंगाच्या हातातली काडी मोडली.

"नाव सेठजीचं नाही टाकनार," ती पुढं म्हणाली. "त्यायले नाव आवडत नव्हतं. पाव्हन्याचा ओटा, येवढंच. दगड घडवून झाले. गाडी उद्या सकाळी कारंज्याहून निघन."

"पन साहेब..."

"नव्या साहेबाले भेटली मी, अकोल्याले जाऊन; परवाच आले म्हने. साहेब म्हनले, नाकेदार हो म्हनत असन तं आमचं काही म्हननं नाही. आता तुह्या एका हो वर हाये बाप्पा."

वारा पडला होता. दूर कुठंतरी टिटवी ओरडत होती. हेमसिंगाला डोळ्यांपुढं तो ओटा स्वच्छ दिसला: घडीव दगड, टाक्यात आभाळ, भोवती पिवळे दाणे, आणि त्या दाण्यांवर मान खाली घालून उभा असलेला अख्खा कळप. बारा महिने. आणि वळणावरून येणारी प्रत्येक जीप.

"यंदा गवत लय हाये बाई," तो म्हणाला. "दान्याची तशी गरज नाही."

"गरज पाहून पाव्हन्याले वाढते का कोनी? तू आला होता माह्या घरी पुतनीच्या लग्नात, तं मी विचारलं होतं का, घरून जेवून आला का म्हून?"

"दाने सांडले की मुंग्या लागते."

"मुंग्यायले पीठ वेगळं टाकू."

फुलचंद हसला. नानीबाईच्याही ओठांवर येऊन गेलं.

"उंदरं होतीन. उंदरायमागं साप येतीन."

"काकी, साप म्हनते तो," फुलचंदानं पाय वर घेतले.

"तू गाडीत बस. हेमसिंग, इकडे पाहा. तू कधी माह्या पुढं असा आडवा-तिडवा बोलला नाही. काही अडचन हाये का? कोनी काही म्हनलं तुले?"

हीच वेळ होती. नानीबाई हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत होती. हेमसिंगानं तोंड उघडलं. बाईच्या चेहऱ्यावर सेठजींच्या शब्दाचं ते ओझं होतं, पोचवायला निघालेलं, जवळजवळ पोचलेलं. आपल्या तोंडून जे निघेल ते फक्त पाहुण्याचं मरण नसेल, हे त्याला दिसत होतं. बाईनं चार वर्षं जे पुण्य म्हणून ओंजळीत धरलं, ते सगळं एका वाक्यात उलटं होणार होतं. ज्या बाईनं गाळण्यावरचा जीवसुद्धा परत नाल्यात नेऊन सोडला, तिला हे सांगायचं?

"अडचन काही नाही जी," तो म्हणाला. "इचार करून सांगतो."

"कर बाप्पा. सकाळपावतर कर."

नानीबाई उठली आणि रिकामी घागर उचलून पाण्याला निघून गेली. घागर भरलेलीच बाजूला होती.

ऊन कलतं झालं. बाईनं अंथऊ उरकलं, थाळी धुऊन प्यायली, चूल विझवली. मग तिनं टोपलीत हरभरे घेतले आणि नाल्याच्या वरच्या अंगाला निघाली. हेमसिंग मागं मागं.

"बाई, कळप तिकडे सोहोळच्या अंगाले हाये. आज नाही यायचा. राहू द्या."

"हाक तं मारू दे. कानावर पडली तं उद्या येईन."

"थंडी पडून राह्यली..."

"तू इतका काहून घुटमळून राह्यला रे? लहान लेकरासारखा?"

ती टेकाडावर उभी राहिली. समोर कुरण मावळतीच्या उन्हात पडलं होतं, प्रत्येक कुसळाला सोन्याचं टोक. बाईनं पदर सारखा केला. ओंजळ पुढं धरली. आणि आवाज उठला. वयानं थोडा फाटला होता, सुरुवातीला अडखळला, मग जुन्या वाटेवर लागला. ये गा ये गा माह्या बापा.

हेमसिंग मनातल्या मनात रानाला विनवत होता. कोनी येऊ नका. कोनी येऊ नका रे बाप्पायहो.

गवत हललं.

आधी एक हरणी वर आली. कान उभे, नाक वर. हेमसिंगानं तिला ओळखलं, पाहुण्याच्या मागं मागं येऊन थोड्या अंतरावर उभी राहायची ती हीच. ती थांबली. तिच्या मागून, तिच्या पोटाला घासत, एक पाडस पुढं आलं. काड्यांसारखे पाय, अंगापेक्षा मोठे कान. त्यानं आईकडे पाहिलं. आई पळत नव्हती. मग त्यानं टेकाडावरच्या बाईकडे पाहिलं.

"अगो माय," बाई कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "पाव्हन्याचंच असन. पाहाय रे, कपाळ तेच. हेमसिंग, पाहाय ना, सेठजीनं पाठवलं जसं."

तिनं ओंजळ आणखी खाली केली, पाडसाच्या उंचीला आणली. पुन्हा गायली, हळू, अंगाईसारखी. पाडसानं एक पाऊल टाकलं. थबकलं. दुसरं टाकलं. आई त्याच्यामागं आली. पाडसाची मान लांब झाली होती, नाकपुड्या हलत होत्या, सगळं अंग भीतीनं मागं ओढत होतं आणि नाक पुढं. ते मध्येच थांबलं. आता एवढीशी भीती उरली होती, आणि ती जायला काही फार लागणार नव्हतं.

हेमसिंग वाकला. मातीचं मोठं ढेकूळ उचललं आणि जिवाच्या आकांतानं फेकलं.

"हाऽऽड! चालते व्हा! हाड!"

ढेकूळ पाडसाच्या पायापाशी फुटलं. धूळ उडाली. पाडस हवेत उसळलं, हरणी वळली, आणि दोघं पळाली. हेमसिंग थांबला नाही. दुसरं ढेकूळ, तिसरं. ओरडत, शिव्या देत, अडखळत तो त्यांच्यामागं धावत गेला, ती दूरच्या बोरींपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत.

मागं वळला तेव्हा टेकाडावर तिघं उभी होती. फुलचंद धावत आला होता. नानीबाई घागर घेऊन तशीच. आणि बाईची ओंजळ सुटली होती, हरभरे पायाशी विखुरले होते.

"हेमसिंग," ती म्हणाली. "लेकरावर ढेकूळ फेकलं तू? माह्या समोर? जिवावर हात उचलला?"

"हाव."

"भूत लागलं का तुले? काय केलं त्यानं तुह्यं?"

तो धापा टाकत चढून वर आला. तिच्यापासून थोडा दूर उभा राहिला. हाताला माती होती, ती त्यानं सदऱ्याला पुसली नाही.

"बाई, पाव्हना सोहोळले नाही गेला."

"मंग कुठं गेला?" बाई म्हणाली.

"चैत्रात मारला त्याले. बंदुकीनं. मुक्कामाले आले होते त्यायनं. तिथंच, हिवराखाली."

"पन तू मले वैशाखात सांगतलं ना," फुलचंद पुढं झाला, "मी काकाले जाऊन... मी माह्या तोंडानं सांगतलं त्यायले—"

"मी खोटं बोललो, भाऊ. सेठजी जाऊन राह्यले होते. मले दुसरं काही सुचलं नाही."

फुलचंद काही बोलणार होता. नानीबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला. बाई खाली बसली. जागा न पाहता, न झाडता, गवतातच. ती त्या बोरींकडे पाहत होती, जिथं धूळ अजून खाली बसली नव्हती. रडली नाही. सेठजींसाठी जेवढं रडायचं तेवढं बहुतेक श्रावणातच रडून झालं होतं. मग ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, एखाद्याची प्रकृती विचारावी तसा.

"हरनाची जात ते. वाऱ्यानं पान हाललं तं पळते. बंदूक घेऊन मानूस उभा होता म्हनतं. मंग तो पळाला काहून नाही?"

हेमसिंगाला कितीतरी उत्तरं सुचली. झोपेत होता. आजारी होता. लांबून मारलं, त्याले कळलंच नाही. सगळी दयेची उत्तरं होती आणि त्यांतलं कोणतंही बाईनं मान डोलावून घेतलं असतं. उद्या सकाळी गाडी निघाली असती. त्यानं नानीबाईकडे पाहिलं. तिनं घागर खाली ठेवली होती.

तो बाईच्या समोर गुडघ्यावर बसला, त्याच गवतात.

"दुसऱ्यानं हात पुढं केला होता, बाई," तो म्हणाला. "त्याले तो हात दिसला. अन् हातात दाना असते, येवढंच आपुन त्याले शिकवलं होतं."